पंचाहत्तर सेंटची तूट

खगोलशास्त्रज्ञाने चोर पकडल्याचे उदाहरण तसे विरळाच. क्लिफर्ड स्टोल हा अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेतला खगोलशास्त्रज्ञ. दुर्बिणीच्या कामाचे अनुदान संपले, म्हणून १९८६ मध्ये त्याची रवानगी तेथील संगणक केंद्रात झाली. त्या काळी एक मोठा संगणक अनेकजण मिळून वापरत आणि ज्याने जितका वेळ वापरला, त्याच्या नावे तितके पैसे मांडले जात. त्या हिशेबात ७५ सेंटची तूट निघाली. ती शोधायचे काम नवख्या स्टोलकडे आले.

बेरजेतली किरकोळ चूक म्हणून एखाद्याने ती सोडून दिली असती. पण मापनातील बारीक तफावतीमागे काहीतरी कारण असते, हे खगोलशास्त्रज्ञाच्या अंगवळणी पडलेले असते. शोध घेता आढळले, की कोणी परका माणूस एका प्रोग्रॅममधील त्रुटीचा फायदा घेऊन संगणकावर सर्वाधिकार मिळवत होता. एफबीआयला सुरुवातीला यात रस वाटला नाही. पाऊण डॉलरची चोरी ती काय!

यापुढे स्टोलने जे केले, ते मला सर्वात महत्त्वाचे वाटते. पाळत ठेवणारा प्रोग्रॅम त्याने त्याच संगणकावर चालवला नाही. सर्वाधिकार हाती असलेल्या चोराला तो दिसला असता आणि पुसूनही टाकता आला असता. त्याऐवजी बाहेरून येणाऱ्या सुमारे ५० तारांना त्याने सहकाऱ्यांच्या टेबलांवरून गोळा केलेले प्रिंटर आणि छोटे संगणक जोडले. तारेतून गेलेले प्रत्येक अक्षर कागदावर उमटे आणि चोराला त्याचा पत्ता नसे. जवळपास दहा महिने ही पाळत चालली. चोराने सुमारे ४५० संगणकांची दारे ठोठावली, त्यांपैकी तीसहून अधिक उघडली. त्याला तारेवर अधिक वेळ गुंतवून ठेवता यावे म्हणून स्टोलने खोटी कागदपत्रे रचून ठेवली. माग पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हरला पोचला. माहिती सोव्हिएत केजीबीला विकली जात होती.

योगायोग असा, की याच सुमारास, फेब्रुवारी १९८७ मध्ये, डोरोथी डेनिंग यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. प्रत्येक वापरकर्त्याच्या सवयींची नोंद ठेवावी आणि त्यांपासून फारकत दिसताच संगणकाने सूचना द्यावी, ही त्यातील कल्पना. रोज सकाळी काम करणारी व्यक्ती पहाटे तीनला शेकडो फायली चाळू लागली, तर शंका घेण्यास जागा आहे. दुसरा मार्ग ज्ञात हल्ल्यांच्या खुणा शोधण्याचा. मार्टिन रोश यांनी १९९८ मध्ये लिहिलेला स्नॉर्ट हा प्रोग्रॅम अशा नियमांवर चालतो. जाळ्यातून जाणाऱ्या माहितीची एक प्रत त्याच्याकडे वळवायची आणि कोणते पत्ते घरचे, हे त्याला आधी सांगायचे. इथे चूक झाली, की परका घरचा ठरतो आणि पुढचे नियम कितीही चांगले असले तरी फसतात.

मग सगळे नियम एकदम लावून का टाकू नयेत? याचे उत्तर अकरावी-बारावीच्या संभाव्यतेत आहे. समजा, दिवसात १० लाख घटना घडल्या आणि त्यांतल्या २० खऱ्या घुसखोरीच्या होत्या. आपला पहारेकरी त्या वीसही पकडतो, पण निर्दोष घटनांपैकी फक्त एक टक्का वेळा चुकून ओरडतो. म्हणजे सुमारे १०,००० खोट्या हाका! प्रत्येक पाचशे हाकांमागे खरी एकच. ९९ टक्के अचूक असलेला हा पहारेकरी आठवडाभरात कोणी ऐकेनासे होते. स्वीडनमधील स्टेफान ॲक्सेलसन यांनी १९९९ मध्ये ही अडचण गणिताने मांडली. विद्यार्थ्यांकडून हे उदाहरण आकडे बदलून अवश्य सोडवून घ्यावे. क्षयरोगाच्या चाळणी-तपासणीलाही तेच गणित लागू पडते.

स्टोलच्याच प्रयोगशाळेत व्हर्न पॅक्सन यांनी पुढे जाळ्यावरील पहारेकऱ्याचा एक प्रोग्रॅम लिहिला. त्यावरचा निबंध १९९८ मध्ये आला. चोर पकडण्यासाठी सर्वांचीच ये-जा पाहावी लागते, हे त्यांना खुपत असावे. ऑर्वेलच्या कादंबरीतील सर्वांवर नजर ठेवणाऱ्या 'बिग ब्रदर'ची आठवण राहावी, म्हणून त्यांनी प्रोग्रॅमचे नाव मुद्दाम 'ब्रो' ठेवले. २०१८ मध्ये ते बदलून 'झीक' करण्यात आले.