कॉफी : उकळावी, झिरपवावी की गाळावी?

भाजून दळलेल्या कॉफीचा अर्क पाण्यात उतरविण्याच्या पद्धती अनेक असल्या, तरी चव ठरते ती पुडीची जाडी, पाण्याचे तापमान आणि दोहोंचा संपर्ककाळ यांवर. पाणी साधारणतः ९० ते ९६ अंश सेल्सिअस असावे, असे जाणकार मानतात. जायफळ घालून दुधात उकळलेली मराठी घरातील कॉफी या हिशेबात बसत नाही. तिची गोडी निराळीच.

दक्षिण भारतात कॉफी झिरपवतात. तळाशी बारीक छिद्रे असलेल्या वरच्या भांड्यात पूड घालून ती चकतीने हलकेच दाबतात व वरून कडकडीत पाणी ओततात. पूड फार दाबली तर पाणी अडते, सैल राहिली तर भरकन निघून जाते आणि अर्क पचपचीत उतरतो. दहा-पंधरा मिनिटांत खालच्या भांड्यात दाट डिकॉक्शन जमते. त्यात गरम दूध व साखर मिसळायची. बाजारातील ‘फिल्टर कॉफी’त बहुधा चिकोरी या वनस्पतीचे भाजलेले मूळ मिसळलेले असते. त्याने रंग व दाटपणा येतो, मात्र त्यात कॅफीन नसते. भारतीय नियमांनुसार अशा मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी हवी. त्यामुळे पाकिटावरील प्रमाण वाचलेले बरे.

तुर्की पद्धतीत पिठासारखी बारीक पूड लांब दांड्याच्या भांड्यात शिजवतात आणि फेस वर येताच भांडे उतरवतात. गाळण्याचा प्रश्नच नाही. गाळ कपाच्या तळाशी बसतो. इटलीच्या एस्प्रेसोत सुमारे नऊ बार दाबाखाली २५ ते ३० सेकंदांत अर्क निघतो. अल्फोन्सो बियालेट्टी यांच्या नावाशी जोडलेले, १९३३ मधील ‘मोका’ भांडे वाफेच्या दाबावर चालते. हा दाब मात्र एस्प्रेसोच्या मानाने पुष्कळच कमी असतो.

प्रश्न केवळ चवीचा नाही. कॉफीच्या तेलातील कॅफेस्टॉल हे द्रव्य रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवते. उकळलेल्या, तुर्की वा फ्रेंच प्रेसच्या कॉफीत ते भरपूर उतरते. कागदी गाळणीत बहुतांश अडकून राहते. ही गाळणी जर्मनीतील मेलिटा बेंट्झ या गृहिणीने १९०८ मध्ये मुलाच्या वहीतील टीपकागदापासून बनविली, तीही कपातला गाळ आणि कडवटपणा टाळण्यासाठी. कोलेस्टेरॉल वाढलेल्यांनी रोज अनेक कप घेताना कागदी गाळणीच वापरावी. इन्स्टंट कॉफीतही हे द्रव्य नगण्यच असते.