मल्टिपल स्क्लेरोसिस : एका आजाराच्या नावाचा इतिहास



वसंतातील व्याख्यानांना येणारा श्रोता राजकारण, वाङ्मय, अर्थकारण असे काही ऐकावयास मिळेल या अपेक्षेने येतो. त्याच्यापुढे एका आजाराचा विषय मांडावा, आणि तोही वैद्याने नव्हे तर इतिहासाच्या शिक्षकाने, हे काहीसे चमत्कारिक वाटेल. म्हणून विषय कसा सुचला ते आधी सांगतो.

गेल्या वर्षी माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटावयास आली. वय तिशीच्या आतले, हातात काठी. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस झाला आहे. ती म्हणाली, "सर, आजाराचे दुःख आहेच, पण त्याहून एक गोष्ट जास्त लागली. आठ महिने घरात सगळ्यांना या आजाराचे नाव ठाऊक होते, मला एकटीला नव्हते." डॉक्टरांनी वडिलांना सांगितले, वडिलांनी आईला, आणि लग्नाची मुलगी म्हणून सर्वांनी मिळून ते तिच्यापासून लपविले. त्या आठ महिन्यांत ती स्वतःला आळशी समजत होती, आपले डोके तर फिरले नाही ना, अशी शंका घेत होती. जाताना तिने विचारले, "या लपवालपवीलाही इतिहास असेल ना?" तो आहे, आणि तोच आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

प्रथम आजार म्हणजे काय, हे थोडक्यात पाहू. मेंदू आणि मज्जारज्जू यांतील तंतूंवर मायलिन नावाचे एक स्निग्ध वेष्टन असते. विजेच्या तारेवर जसे रबराचे आवरण, तसेच हे समजावे. या वेष्टनामुळे संदेश वेगाने आणि बिनचूक जातो. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराचे रक्षण करणारी व्यवस्थाच चुकून या वेष्टनावर तुटून पडते. जेथे वेष्टन झडते तेथे पुढे व्रणासारखा निबर चट्टा पडतो. 'स्क्लेरोसिस' म्हणजे निबर होणे आणि 'मल्टिपल' म्हणजे अनेक ठिकाणी. चट्टा डोळ्यांच्या तंतूवर पडला तर दृष्टी अंधुक होते, मज्जारज्जूवर पडला तर पाय जड होतात किंवा अंगाला मुंग्या येतात, अन्यत्र पडला तर तोल जातो किंवा लघवीवरील ताबा सुटतो. त्यामुळे दोन रोग्यांची कहाणी सारखी नसते. बहुतेकांत आजार येतो, ओसरतो आणि पुन्हा येतो; काहींत मात्र तो आरंभापासूनच हळूहळू वाढत राहतो. तो बहुधा वीस ते चाळीस या वयात प्रकट होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत दुपटीहून अधिक आढळतो. तो संसर्गजन्य नाही. २०२० च्या जागतिक गणनेनुसार असे सुमारे २८ लाख लोक जगात होते.

आता इतिहासाकडे वळू. या आजाराची पहिली सविस्तर कहाणी वैद्याने नव्हे, रोग्यानेच लिहून ठेवली आहे. ऑगस्टस डेस्टे हा इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा नातू. जन्म १७९४ चा. बापाने राजाच्या संमतीवाचून लग्न केले म्हणून ते लग्न रद्द ठरले आणि मुलगा राजघराण्याबाहेर पडला. १८२२ च्या डिसेंबरात तो स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलुखात एका नातलगाला भेटावयास गेला. त्या वृद्धावर त्याचे पुत्रवत प्रेम होते. पण हा पोहोचला तो नातलग मरण पावलेला. अंत्यविधीच्या वेळी त्याने रडू आवरण्याची फार खटपट केली. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याला अक्षर दिसेना; पत्रे दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली. मग काही उपचार न करताच दृष्टी परत आली. १८२७ मध्ये फ्लॉरेन्स येथे त्याला एका वस्तूच्या दोन दिसू लागल्या. वैद्याने कानशिलांना जळवा लावल्या. दृष्टी सुधारली, पण पायांतील बळ गेले.

पुढे वीस वर्षांच्या आसपास हेच चालले. जळवा झाल्या, खनिज पाण्याची स्नाने झाली, ब्रशाने अंग चोळणे झाले, भरपूर मांस आणि मद्य यांचा खुराक झाला. ज्या उपचारानंतर आजार ओसरे तो उपचार खरा वाटे. पुन्हा उलटला की दुसरा वैद्य. आजार आपोआप ओसरतो हे कोणालाच ठाऊक नव्हते, त्यामुळे प्रत्येक वैद्याला आपापल्या वेळी यश मिळाले! अखेरच्या वर्षांत चाकांची खुर्ची आली, तरी १८४६ पर्यंतच्या नोंदींत बरे होण्याची आशा सुटलेली नाही. १८४८ मध्ये तो वारला. शंभर वर्षांनी, १९४८ साली, डग्लस फर्थ या डॉक्टरने ती दैनंदिनी पुस्तकरूपाने छापली; त्या दुखण्याचे नाव जाणकारांना तोवर ओळखू आले होते. डेस्टेपासून कोणी काही लपविले नव्हते, कारण लपविण्यासारखे नावच त्या काळी नव्हते.

गंमत अशी की, त्याच काळात हे चट्टे शवविच्छेदनात दिसू लागले होते. स्कॉटिश वैद्य रॉबर्ट कार्सवेल याने १८३८ च्या ग्रंथात त्यांची रंगीत चित्रे दिली. पॅरिसच्या क्रुव्हेय्ये यानेही ती दिली. पण मेलेल्याच्या मज्जारज्जूवरचा चट्टा आणि जिवंत माणसाची लटपटणारी चाल यांची सांगड घालणारा कोणी हवा होता. तो माणूस म्हणजे पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील झां-मार्तां शार्को. एके काळी तेथे बंदुकीच्या दारूचे कोठार होते; पुढे तेथे निराधार, वृद्ध आणि आजारी स्त्रिया ठेवीत. इतर वैद्य त्या जागेला टाळत. शार्कोने मात्र हजारो स्त्रियांकडे वर्षानुवर्षे पाहिले, टिपणे ठेवली आणि मृत्यूनंतर त्या टिपणांशी शरीरातील खुणा ताडून पाहिल्या. १८६८ मध्ये त्याने आपल्या व्याख्यानांत या आजाराचे स्वतंत्र वर्णन करून त्याला नाव दिले.

त्याच्याकडे शिकलेल्या सिग्मंड फ्रॉइडने १८९३ च्या मृत्युलेखात एक हकिगत सांगितली आहे. शार्कोला विद्यार्थिदशेत एक मोलकरीण भेटली. तिचे हात कापत, म्हणून तिला कोणी कामावर ठेवीना. शार्कोने तिला ठेवून घेतले. तिने वर्षानुवर्षे त्याची इतकी भांडी फोडली की त्यांत छोटी संपत्तीच गेली. ती वारल्यावर त्याने दाखवून दिले की त्या कापऱ्या हातांचे मूळ याच चट्ट्यांत होते. शास्त्रज्ञाच्या जिज्ञासेचे उदाहरण म्हणून ही गोष्ट सांगतात. मला मात्र त्या बाईचे कौतुक वाटते. कापऱ्या हातांनी ती एवढी वर्षे घासत राहिली, आणि विज्ञानाला मिळालेल्या ज्ञानात तिच्या मोलमजुरीचाही वाटा आहे.

नाव मिळाले, पण औषध मिळाले नाही. शार्कोच्या काळी सोने, चांदी, कुचल्याचे सत्त्व यांचे प्रयोग झाले आणि फसले. आणि येथूनच लपवालपवीचा इतिहास सुरू होतो. वैद्याला आता नाव कळत होते, पण ते सांगून रोग्याला द्यावयाचे काय?

या कोंडीचे सर्वांत हृदयद्रावक उदाहरण इंग्लंडातील ब्रूस कमिंग्ज याचे आहे. 'बार्बेलियन' या टोपणनावाने तो प्रसिद्ध आहे. १८८९ साली जन्मलेला हा तरुण स्वतःच्या अभ्यासावर निसर्गशास्त्रज्ञ झाला आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या प्राणिविभागात त्याला जागा मिळाली. प्रकृती मात्र सतत ढासळत होती. १९१५ च्या सप्टेंबरात त्याने लग्न केले. महायुद्ध चालू होते. नोव्हेंबरात सैन्यभरतीच्या तपासणीस जावे लागले. त्याच्या डॉक्टरने तेथील वैद्यांना देण्यासाठी एक मोहोरबंद पत्र हाती दिले होते. ते देण्याची गरजच पडली नाही, तपासणीतच तो नापास ठरला. परतताना आगगाडीत त्याने ते पत्र फोडले आणि आपल्या आजाराचे नाव प्रथम वाचले.

आता पुढचे ऐका. हे दुःख पत्नीला नको म्हणून त्याने ते तिच्यापासून लपविले. पुढे त्याला कळले की तिला ते लग्नापूर्वीच ठाऊक होते. डॉक्टरने तिला सावध केले होते, आणि सर्व जाणूनही तिने त्याच्याशी लग्न केले होते. एका घरात दोन माणसे एकमेकांना जपण्यासाठी एकच गोष्ट एकमेकांपासून लपवीत होती. १९१९ मध्ये त्याची दैनंदिनी एच. जी. वेल्स यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तो वारला, वयाच्या तिसाव्या वर्षी.

डॉक्टर दुष्ट होता काय? मुळीच नाही. उपाय नसताना कशाला सांगावयाचे, हा त्याचा युक्तिवाद त्या काळी अगदीच टाकाऊ नव्हता. परंतु त्याची किंमत कोणी दिली ते पाहा. केवढ्या धैर्याने पत्नीने आपल्याला वरले आहे, हे नवऱ्याला ठाऊक नव्हते. लपविल्याने दुःख टळले नाही. त्या दुःखात मिळावयाची सोबत तेवढी लांबली.

ही भिंत पहिल्यांदा फोडली ती एका बहिणीने. न्यूयॉर्कच्या सिल्व्हिया लॉरी यांचा भाऊ या आजाराने खंगत चालला होता. १ मे १९४५ रोजी त्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये छोटी जाहिरात दिली: मल्टिपल स्क्लेरोसिसमधून कोणी बरे झाले असल्यास कृपया कळवावे. पन्नासाहून अधिक उत्तरे आली. त्यांत बरे झालेला कोणीच नव्हता. सारे त्याच शोधात होते. दुसरी एखादी निराश झाली असती. लॉरीबाईंनी त्या पत्रांतूनच १९४६ मध्ये संस्था उभी केली आणि १९६७ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटना. ज्या नावाची कुजबूज होत असे ते नाव आता संस्थेच्या पाटीवर आले. आपल्याकडेही १९८५ पासून मुंबईत मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया काम करीत आहे.

विज्ञानाची पुढची पावले भरभर सांगतो. १९३३ मध्ये टॉमस रिव्हर्स यांनी माकडांवरील प्रयोगांत दाखविले की मेंदूचा अंश वारंवार टोचल्यास शरीर स्वतःच्याच मायलिनवर उठते. १९८१ पासून चुंबकीय चित्रणाने, ज्याला आपण एम्.आर.आय. म्हणतो, जिवंत माणसातील चट्टे दिसू लागले. जे पाहण्यास शार्कोला रोग्याच्या मृत्यूची वाट पाहावी लागे, ते आता तासाभरात दिसते. १९९३ मध्ये अमेरिकेत बीटा इंटरफेरॉनला मान्यता मिळाली. आजाराचे झटके कमी करणारे हे पहिले औषध. आज अशी डझनाहून अधिक औषधे आहेत. २०१७ मध्ये तर आरंभापासून वाढत जाणाऱ्या प्रकारावरही ऑक्रेलिझुमॅब हे औषध मान्य झाले. २०२२ मध्ये अमेरिकी सैन्यातील एक कोटीहून अधिक तरुणांच्या पाहणीतून असे निघाले की एपस्टाइन-बार या विषाणूची लागण झाल्यावर हा आजार होण्याचा धोका बत्तीस पटींनी वाढतो. अर्थात तो विषाणू बहुतेक सर्वांच्याच शरीरात असतो आणि आजार फार थोड्यांना होतो. तेव्हा हे एकच कारण पुरेसे नाही.

हा थंड देशांचा आजार, असे आपल्याकडे पुष्कळ वर्षे मानीत. ते अर्धेच खरे आहे. भारतात त्याचे प्रमाण कमी आहे हे खरे. परंतु मुंबई-पुण्याच्या पारशी समाजात तो इतर भारतीयांपेक्षा अधिक आढळतो, हे मुंबईचे डॉ. नोशीर वाडिया यांनी १९९० साली दाखवून दिले. चित्रणाची यंत्रे गावोगाव आली तसे इतर समाजांतील रोगीही ओळखू येऊ लागले.

आणि आपल्या हवेचा या रोग्यांशी फार जवळचा संबंध आहे. १८९० मध्ये ऊटहोफ या जर्मन नेत्रवैद्याला आढळले की काही रोग्यांची दृष्टी श्रमानंतर तात्पुरती अंधुक होते. खरे कारण श्रमाने वाढणारी शरीराची उष्णता हे होते. वेष्टन झडलेल्या तंतूला थोडी उष्णताही सोसत नाही. एके काळी तर निदानासाठी रोग्याला गरम पाण्यात बसवून पाहत! तेव्हा या वैशाखात घरातील अशा रोग्याचे पाय दुपारी चालेनासे झाले तर ते ढोंग नव्हे. गार पाण्याचे स्नान, ओला पंचा, पंखा, बाहेरची कामे सकाळीच उरकणे, यांनी बराच आराम पडतो. अंग निवले की शक्ती बहुधा परतते. थकव्याचेही तसेच. हा थकवा झोप काढून जाणारा नसतो. बाहेरून माणूस धडधाकट दिसतो, म्हणून आपण त्याला आळशी ठरवितो, आणि रोग्यांना आजारापेक्षा हे बोलणेच अधिक झोंबते. २०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात मान्य झालेल्या एकवीस प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा समावेश आहे. कायद्याने जे पाहिले ते शेजाऱ्यानेही पाहावे.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येतो. डेस्टेच्या काळी नाव नव्हते. बार्बेलियनच्या काळी नाव होते, पण उपाय नव्हता. म्हणून लपविण्याला निदान एक सबब होती. १९९३ नंतर ती सबब उरली नाही. औषध जितके लवकर सुरू होईल तितके पुढचे नुकसान टळते; जे गेले ते परत आणण्याची शक्ती मात्र आजच्या औषधांत फारशी नाही. म्हणजे लपविण्यात गेलेला काळ हा केवळ मनस्तापाचा काळ नव्हे, तो उपचाराचा बुडालेला काळ होय. त्या मुलीचे आठ महिने असे गेले. तिच्या वडिलांना मी ओळखतो. त्यांनी ते प्रेमापोटी केले याविषयी मला संशय नाही. मुलीच्या लग्नाची काळजी ज्यांनी वाहिली आहे त्यांना त्यांचे मन समजेल. परंतु प्रेमाने केलेल्या चुकीचाही हिशेब इतिहास मांडतोच.

मुलीने मात्र वडिलांवर राग धरला नाही. ती उपचार घेते, शाळेत शिकविते, आणि वर्ग तळमजल्यावर मिळावा म्हणून तिने मुख्याध्यापकांकडे स्वतः अर्ज केला. त्या अर्जात तिने आजाराचे नाव पूर्ण लिहिले होते. ते वाचून मुख्याध्यापकांनी तिला बोलावले आणि एवढेच विचारले, "पंख्याखालचा वर्ग देऊ का?"

विचारणारी अशी माणसे वाढावीत, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.