थकव्याची साक्ष

मुळा-प्रवरेच्या आपल्या खोऱ्यात थकव्याला शब्दांची वाण नाही. ‘अंगात त्राण राहिले नाही’, ‘हातपाय गळून गेले’, ‘उठवत नाही, बसवत नाही’ असे सांगणारा माणूस राहुरीच्या कोणत्याही दवाखान्यात रोज भेटेल. त्याला मिळणारी उत्तरेही ठरलेली आहेत : रक्त तपासून घ्या, टॉनिक चालू करा, वाटल्यास एक सलाईन लावू. बहुतेकांचे त्यावर, आणि खरे तर त्याच्यावाचूनही, भागते. काही थोड्यांचे मात्र भागत नाही. साध्या तापानंतर आलेला थकवा महिनोन्‌महिने मुक्काम ठोकतो. झोपून उठले तरी झोप झाल्यासारखे वाटत नाही. तपासणीचे सर्व कागद निर्दोष येतात. मग घरात कुजबुज सुरू होते : ‘हा आळस आहे’, ‘कामाचा कंटाळा आहे’, ‘मनाचे खेळ आहेत.’ शरीराने घातलेल्या घावावर हा दुसरा घाव आप्तांच्या जिभेचा असतो. ज्या विकाराला आज वैद्यकशास्त्र ‘मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस’ किंवा ‘क्रॉनिक फटिग सिंड्रोम’ म्हणते, त्याचा इतिहास हा या दोन्ही घावांचा इतिहास आहे.

थकव्याचे दोन प्रकार असतात ही जाण आपल्याकडे प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ‘क्लम’ नावाच्या अवस्थेचे वर्णन येते. कष्ट न करता देहात वाढत जाणारा, धाप न लावणारा आणि इंद्रियांच्या कामात अडथळा आणणारा श्रम तो क्लम. नांगर धरून आलेला थकवा वेगळा आणि काही न करता आलेला थकवा वेगळा, हा भेद त्या वैद्यांनी नाव देऊन नोंदवून ठेवला. नाव दिल्याने रोग बरा होत नाही. पण रोग्याचे म्हणणे खोटे नाही एवढे तरी मान्य होते.

पुढच्या काळात मात्र आपल्या भागातील माणसांना या सूक्ष्म भेदाकडे पाहण्याची उसंत कोठून मिळावी? रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांचे वास्तव्य लाभलेल्या राहुरीत त्या सुमारास अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. बॅलंटाईन वैद्यकी करीत. पटकी, हिवताप, 1896 नंतरचा प्लेग आणि 1918 चा इन्फ्लुएंझा यांनी घरे रिकामी केली, तो हा काळ. जेथे मृत्यू दाराशी उभा होता, तेथे जिवंत राहून नुसत्या थकलेल्या माणसाची विचारपूस मागे पडणे स्वाभाविकच होते.

पाश्चात्त्य देशांत थकव्याला नाव मिळाले ते 1869 साली. न्यूयॉर्कचे डॉक्टर जॉर्ज बिअर्ड यांनी ‘न्यूरॅस्थेनिया’ म्हणजे मज्जातंतूंची दुर्बलता ही संज्ञा प्रचारात आणली. बुद्धीने काम करणाऱ्या सुखवस्तू माणसांचा हा रोग, अशी त्यांची समजूत होती. विजेचे सौम्य झटके हा त्यांचा आवडता उपचार. वेअर मिचेल यांनी विश्रांतीची चिकित्सा काढली : रुग्ण स्त्रीला आठवडेच्या आठवडे बिछान्यात, आप्तांपासून दूर ठेवायचे आणि भरपूर दूध व अन्न द्यायचे. धनिकांच्या थकव्याला अशी शास्त्रीय प्रतिष्ठा मिळाली. गिरणीतल्या मजुराच्या आणि शेतातल्या बाईच्या थकव्याकडे मात्र कोणी रोग म्हणून पाहिले नाही.

याच काळात लंडनमधल्या एका खोलीत एक स्त्री वर्षानुवर्षे आजारी होती आणि तिचे मन आपल्या दख्खनकडे लागले होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव आपल्या परिचारिका भगिनींना सांगायला नको. 12 मे 1820 रोजी जन्मलेली ही स्त्री 1854 साली क्रिमियाच्या युद्धभूमीवर गेली. पुढच्याच वर्षी तिला तेथील तापाने गाठले. 1857 नंतर तिची प्रकृती अशी ढासळली की पुढील कित्येक वर्षे तिने बहुतांशी बिछान्यातून आणि कोचावरून काम केले. ती भारतात कधीच आली नाही. पण येथील दुष्काळ, पाटबंधारे व आरोग्य यांविषयी तिने अखंड लिहिले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार ठेवला. 1875 साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. त्यानंतर तीन वर्षांनी लिहिलेल्या आपल्या लेखात तिने दख्खनच्या कर्जबाजारी रयतेची बाजू मांडली. 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्याने ज्यांना थोडा दिलासा दिला, त्यांत आपल्या जिल्ह्याचे शेतकरी होते.

नाइटिंगेलच्या दुखण्याविषयी तिच्या मृत्यूनंतरही बरेच बोलले गेले. सहानुभूती मिळवण्यासाठी केलेले ते नाटक होते, असेही काहींनी सुचविले. 1995 साली डी. ए. बी. यंग यांनी एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात वेगळे मत मांडले. तिला दीर्घकालीन ब्रुसेलोसिस असावा, असे त्यांनी तिच्या लक्षणांवरून दाखवून दिले. हा रोग बाधित गाई-शेळ्यांच्या कच्च्या दुधातून आणि गाभडलेल्या जनावरांच्या स्रावातून माणसाला होतो. त्यात ताप येतो-जातो, सांधे दुखतात आणि थकवा दीर्घकाळ रेंगाळतो. राहुरीसारख्या दुधाच्या भागात हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. योग्य तपासणी झाली तर या थकव्यावर औषध आहे : दोन प्रतिजैविके मिळून सहा आठवडे घ्यावी लागतात. 2019 साली भारत सरकारने लाळ्या-खुरकुतासोबत या रोगाविरुद्धही कालवडींच्या लसीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, त्याचा लाभ गोठ्याइतकाच घरालाही आहे. म्हणून ‘तपासण्या निर्दोष आहेत’ हे वाक्य ऐकल्यावर कोणत्या तपासण्या झाल्या, हे विचारण्याचा हक्क रुग्णाला असतो. 1992 पासून नाइटिंगेलचा जन्मदिवस, 12 मे, या थकव्याच्या विकाराचा जागृतिदिन म्हणून पाळला जातो.

आधुनिक इतिहासाचे मुख्य प्रकरण 1955 सालचे आहे. त्या वर्षी जुलैमध्ये लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात एका अनाकलनीय आजाराची साथ उसळली. रुग्णालयातले 292 कर्मचारी आजारी पडले, त्यांपैकी 255 जणांना दाखल करावे लागले. मौज अशी की, आधीपासून खाटांवर असलेल्या रुग्णांपैकी केवळ 12 जणांना बाधा झाली. ऑक्टोबरपर्यंत रुग्णालय बंद राहिले. डॉ. मेल्विन रॅम्से यांनी हे रुग्ण जवळून पाहिले आणि पुढे आयुष्यभर त्यांची बाजू लढवली. काही रुग्ण कधीच पूर्ववत झाले नाहीत. पण 1970 साली दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुन्या नोंदी चाळून निष्कर्ष काढला की, हा सामूहिक उन्माद होता. बाधितांत स्त्रियांचे प्रमाण अधिक होते, हा त्यांचा एक प्रमुख आधार. त्यांनी एकाही रुग्णाला प्रत्यक्ष भेटून विचारले नव्हते. कागद बोलले, माणसे बोलली नाहीत. आणि पुढची कित्येक वर्षे डॉक्टरांनी कागदांवर विश्वास ठेवला.

1988 साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने ‘क्रॉनिक फटिग सिंड्रोम’ हे नाव व व्याख्या दिली. तेथून औषधांच्या शोधाला वेग आला. हा भाग आशेचा आहे आणि दुःखाचाही.

प्रथम संशय आला एका विषाणूवर. म्हणून विषाणूविरोधी असायक्लोव्हिर देऊन पाहण्यात आले. 1988 सालच्या त्या चाचणीत 24 रुग्णांनी शेवटपर्यंत भाग घेतला. औषधाने 11 जणांना बरे वाटले आणि औषधासारख्या दिसणाऱ्या निष्क्रिय द्रवाने 10 जणांना! दहा वर्षांनी हायड्रोकॉर्टिसोन हे संप्रेरक तपासले गेले. किंचित लाभ झाला. पण शरीराची स्वतःची ग्रंथी मंदावू लागल्याने तो मार्ग सोडावा लागला. 2009 साली एक नवा विषाणू सापडल्याची घोषणा झाली आणि कित्येक रुग्णांनी एड्सवरची औषधे घेतली. 2011 मध्ये तो शोधनिबंधच मागे घेण्यात आला, कारण तो विषाणू प्रयोगशाळेतल्या दूषणातून आला होता.

सर्वांत बोधप्रद कथा नॉर्वेतील बर्गेन शहराची आहे. तेथील फ्लुगे व मेला हे कर्करोगतज्ज्ञ. रक्ताच्या कर्करोगावर औषधे घेणाऱ्या एका रुग्णाचा जुना थकवाही कमी झालेला त्यांना दिसला. त्यांनी रिटुक्सिमॅब हे औषध 30 रुग्णांत तपासले. 2011 मधले निष्कर्ष थक्क करणारे होते : औषध घेणाऱ्यांपैकी दोनतृतीयांश रुग्णांना आराम पडला. जगभरच्या रुग्णांनी श्वास रोखून पुढच्या मोठ्या चाचणीची वाट पाहिली. 2019 साली 151 रुग्णांचे निष्कर्ष आले. रिटुक्सिमॅब घेणाऱ्यांत 26 टक्के सुधारले, आणि केवळ सलाईनसारखा निष्क्रिय द्रव घेणाऱ्यांत 35 टक्के. ज्यांची सारी कीर्ती या औषधावर उभी होती, त्या डॉक्टरांनीच हे अपयश जसेच्या तसे प्रसिद्ध केले. ही सचोटी कोणत्याही औषधाइतकीच मोलाची मानली पाहिजे. आजमितीस या विकारावर रामबाण म्हणावे असे एकही औषध सिद्ध झालेले नाही. झोप, वेदना, चक्कर यांवर डॉक्टर औषधे देतात; काहींचे जिणे त्याने सुसह्य होते.

या आकड्यांतून आपल्या सलाईनचे कोडेही उलगडते. पाचशे मिलिलिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते, म्हणजे चमचाभरही नाही. तरीही बरे वाटते; ते खोटे नसते. विसावा मिळतो, कोणीतरी उशाशी बसते, दुखणे खरे मानले जाते. त्या बाटलीचे पैसे आपण बहुधा या मानले जाण्याचे मोजतो.

आपल्या शेजारच्या गोव्यात या विषयाचे मोलाचे संशोधन झाले. बार्देस तालुक्यातल्या हळदोणे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिसरात डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 18 ते 50 वयाच्या 2494 स्त्रियांची पाहणी केली. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 12.1 टक्के स्त्रियांनी सहा महिन्यांहून अधिक काळ थकवा असल्याचे सांगितले. सर्वांना वाटत होते की कारण रक्तक्षय असेल. पण हिमोग्लोबिनशी संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो कर्जाशी, घरातल्या उपासमारीशी, पतीच्या अत्याचाराशी, वैधव्याशी आणि मनावरच्या भाराशी. हा थकवा आणि ‘क्रॉनिक फटिग सिंड्रोम’ एकच नव्हेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. परंतु बिअर्डसाहेबांनी ज्यांना मोजलेच नव्हते त्या स्त्रिया येथे प्रथम मोजल्या गेल्या, आणि त्यांची तक्रार लोहाच्या गोळीने मिटणारी नाही हे सिद्ध झाले.

मग खऱ्या विकाराची ओळख काय? 2015 साली अमेरिकेच्या वैद्यक संस्थेने तो गंभीर शारीरिक आजार असल्याचे निःसंदिग्ध सांगितले आणि त्याची मुख्य खूण ठरवली : थोड्याशा श्रमानंतर, पुष्कळदा एक-दोन दिवसांनी, प्रकृती खाली कोसळणे. पूर्वी अशा रुग्णांना क्रमाक्रमाने व्यायाम वाढवायला लावीत. अनेक रुग्ण सांगत होते की आम्ही त्याने अधिक खचतो; त्यांचे ऐकले गेले ते 2021 साली, जेव्हा ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने तो सल्ला मागे घेतला. आता सांगतात ते आपल्या शेतकऱ्याला चटकन उमजावे. उन्हाळ्यातल्या विहिरीत जेवढा पाझर, तेवढाच उपसा करावा. एके दिवशी पाणी दिसले म्हणून सारे उपसले, तर दुसऱ्या दिवशी तळ उघडा पडतो. 2020 नंतर कोविडमधून उठलेल्या कित्येकांनी ही उघड्या तळाची अवस्था अनुभवली, तेव्हा जगाला या जुन्या रुग्णांची आठवण झाली. 2025 साली ब्रिटनमध्ये पंधरा हजारांहून अधिक रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास पुढे आला आणि त्यात विकाराशी निगडित अशा आठ जागा आढळल्या. साक्ष आता शरीराच्या आतूनही मिळू लागली आहे.

शास्त्राची पावले सावकाश पडतात; घरातल्या माणसांना तेवढी वाट पाहण्याचे कारण नाही. रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह, क्षय, ब्रुसेलोसिस, नैराश्य यांची तपासणी नीट करून घ्यावी, कारण त्यांवर उपाय आहेत. एवढे करूनही थकवा उरला, तर हमखास इलाजाची जाहिरात करणाऱ्यांपासून घरचे पैसे वाचवावेत. आणि जी सून, जो मुलगा, जी बहीण ‘मला उठवत नाही’ असे सांगते, तिच्या वाटणीचे दोन हंडे पाणी दुसऱ्या कोणी भरावे. रॉयल फ्रीच्या रुग्णांना आपले म्हणणे खरे ठरण्यासाठी साठ वर्षे वाट पाहावी लागली. आपल्या घरात ते एका संध्याकाळीही होऊ शकते.