कापसाचे झाड : वाढीचे नियम व आकार (बुलढाणा जिल्हा)

गॉसिपियम हिर्सुटम या जातीच्या झाडाचा वरवर अस्ताव्यस्त वाटणारा पसारा मोजक्या नियमांच्या पुनरावृत्तीतून घडतो. जिल्ह्यात हे पीक मुख्यतः घाटाखालचे, म्हणजे मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद भागातील. घाटावर सोयाबीनचा जोर आहे.

पर्णविन्यास : खोडावर पाने मळसूत्री येतात. सामान्यतः तीन फेऱ्यांत आठ पाने होऊन नववे पहिल्याच्या वर येते (३/८). लागोपाठच्या पानांतील कोन १३५°, सूर्यफुलातील १३७.५° च्या जवळचा. ३ आणि ८ हे दोन्ही आकडे हेमचंद्र–फिबोनाची श्रेणीतले. नवे पान सर्वांत मोकळ्या जागी फुटते, हा वनस्पतिशास्त्रज्ञ होफमाइस्टर यांचा नियम (१८६८); त्यामागील यंत्रणेच्या तपशिलाबाबत एकमत नाही.

फांद्या : गळफांदी (शाकीय फांदी) खोडासारखी सरळ वाढते. फळफांदीची तऱ्हा निराळी आणि अभ्यासकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. तिचा शेंडा एक पान व एक पाते (फुलाची कळी) देऊन थांबतो; मग त्या पानाच्या बेचक्यातला कोंब पुढे सरकतो, तोही एक पान, एक पाते देऊन थांबतो. प्रत्येक पेऱ्याला दिशा किंचित बदलल्याने फांदी नागमोडी होते. वरच्या फळफांदीचे पहिले फूल खालच्या फळफांदीच्या पहिल्या फुलानंतर सुमारे ३ दिवसांनी, तर त्याच फांदीवरचे पुढचे फूल सुमारे ६ दिवसांनी उमलते. म्हणजे फांदीवर एक पेरे बाहेरचे फूल आणि दोन फांद्या वरचे पहिले फूल एकाच दिवशीचे. एका दिवसाची सगळी फुले मिळून झाडाभोवती शंकू होतो. फूल पहिल्या दिवशी पांढुरके, दुसऱ्या दिवशी गुलाबी असल्याने कालचा शंकू आजच्याहून वेगळा ओळखता येतो. अर्थात पातेगळ व बोंडअळीने ही मांडणी शेतात बरीच विस्कटते.

प्रतिकृती : जीवशास्त्रज्ञ आरिस्टिड लिंडेनमायर यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या पुनर्लेखन-पद्धतीत (चिन्हांच्या जागी ठरलेल्या नियमाने पुन्हापुन्हा नवी चिन्हे लिहिण्याच्या) फळफांदी एका ओळीच्या नियमात बसते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी या पद्धतीने संगणकावर कापसाचे झाड वाढवले आहे.

मशागत : झाडाच्या या आकारात शेतकरी करतो तो बदल म्हणजे गळफांद्या काढणे, शेंडा खुडणे.

बाजार : जिल्ह्यातील खामगाव ही वऱ्हाडातील कापसाची मोठी पेठ. जलंब–खामगाव हा सुमारे १३ किमीचा रेल्वे फाटा कापसाच्या वाहतुकीसाठी बांधला गेला. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आले होते.

देशी वाण : वरील वर्णन हिर्सुटमचे; देशी कापूस म्हणजे गॉसिपियम आर्बोरियम, आता तुरळक.