कात्रजचें पाणी आणि गाण्याची शाळा

नानासाहेब पेशव्यांनीं अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजचें पाणी नळानें आणून पुण्याचे हौद भरविले. गायनविद्या मात्र आणखी सव्वाशें वर्षें दरबारांत व घराण्यांतच कोंडलेली राहिली. पुण्यांत १८७४ सालीं गायन समाज निघाला, तेव्हां ती वाट थोडी मोकळी झाली.

पुढें पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनीं ५ मे १९०१ रोजीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें. ठरलेला अभ्यासक्रम, स्वरलिपीचीं पुस्तकें, परीक्षा. आणि आधार लोकवर्गणीचा व जलशांच्या उत्पन्नाचा. १९०८ सालीं मुंबईस शाखा झाली. पण तिची इमारत कर्जापायीं लिलावांत गेली. १९३१ सालीं पंडितजी वारले. इमारत गेली तरी शिष्य उरले होते. विनायकबुवा पटवर्धनांनीं ८ मे १९३२ रोजीं पुण्यांत तेंच विद्यालय उभें केलें.

शाळेंत गवई घडत नाहींत, असा आक्षेप घेतात. तो सर्वस्वीं खोटा नाहीं. बैठकीचा गवई आजही गुरूसमोर बसूनच तयार होतो. परंतु घरोघरचा जाणता श्रोता आणि निःसंकोचपणें तंबोरा हातीं घेणारी मुलगी, हीं या शाळांचीं देणीं होत. हौदावर येणारा प्रत्येकजण पोहणारा नसतो. त्याची तहान भागली म्हणजे हौदाचें काम झालें.