शीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन

जैव नमुना अतिवेगाने गोठवून, तसाच थंड राखून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात त्याची प्रतिमा घेण्याचे तंत्र. प्रयोगशाळांत ‘क्रायो-ईएम’ हे नाव रूढ आहे.

सूक्ष्मदर्शकाच्या निर्वात नळीत ओला नमुना वाळतो. सावकाश गोठवावा, तर पाण्याचे स्फटिक वाढून रचना मोडतात आणि इलेक्ट्रॉनही विखुरतात. त्यामुळे स्फटिक बनायला उसंत न देता पाणी काचेसारखे थिजवतात. त्यास काचाभ बर्फ म्हणतात. इन्सब्रुक येथे ब्रुगेलर व मायर यांनी १९८० मध्ये, तर हायडेलबर्ग येथे झाक द्युबोशे व ॲलिस्डेर मॅकडॉवल यांनी १९८१ मध्ये असे पाणी मिळवल्याचे प्रसिद्ध केले. सूक्ष्मदर्शनात रुजली ती हायडेलबर्गची रीत.

कृती : ३ मिमी. व्यासाच्या धातूच्या जाळीवर सच्छिद्र कार्बनपटल असते. त्यावर सुमारे ३ मायक्रोलिटर द्रावण सोडून टिपकागदाने टिपतात. छिद्रांत उरणारा पापुद्रा १०० नॅनोमीटरहून पातळ हवा. लगेच जाळी द्रव ईथेनमध्ये बुडवतात. द्रव नायट्रोजन (–१९६° से.) अधिक थंड खरा, पण तापल्या तव्यावरचा थेंब जसा वाफेच्या गादीवर नाचतो, तसे जाळीभोवती वायूचे वेष्टन होऊन गोठण मंदावते, म्हणून त्याच्याकडे ईथेनची वाटी गार ठेवण्याचेच काम. हाताने काम करणारे वाटीच्या कडेला ईथेन पांढरे होऊन थिजू लागले, की ते तयार झाले असे समजतात. पुढे नमुना सुमारे –१३५° से. च्या वर चढू द्यायचा नाही, एरवी काचाभ बर्फाचे स्फटिक होतात. टिपल्यापासून बुडवेपर्यंतच्या क्षणांत काही प्रथिने पापुद्र्याच्या हवेकडील पृष्ठाला चिकटून उलगडतात. यावरील उपायांबाबत मतभेद आहेत. चर्चा यंत्राच्या किमतीची होते. चित्र पुष्कळदा बिघडते ते टिपकागदापाशी.

प्रतिमा : नमुना जळू नये म्हणून इलेक्ट्रॉनांची मात्रा अल्प ठेवतात, परिणामी चित्र रवाळ येते. हजारो-लाखो कणचित्रांची सरासरी काढून त्रिमितीय रचना उभी करतात. यातील गणित योआखिम फ्रांक यांचे.

इतिहास : १९७४ मध्ये टेलर व ग्लेझर यांनी गोठलेल्या कॅटलेज स्फटिकांवर प्रयोग केले. द्युबोशे यांच्या गटाने १९८४ मध्ये विषाणूंच्या प्रतिमा प्रसिद्ध केल्या. रिचर्ड हेंडरसन यांनी १९९० मध्ये बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिनची जवळजवळ अणुस्तरीय रचना दिली. थेट इलेक्ट्रॉन टिपणारे संवेदक आल्यावर, २०१३ मध्ये टीआरपीव्ही१ या पटलप्रथिनाची रचना ३.४ अँगस्ट्रॉमपर्यंत स्पष्ट झाली. द्युबोशे, फ्रांक व हेंडरसन यांना २०१७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

भारत : बंगळूरु येथे राष्ट्रीय सुविधा आहे.