दप्तरांचा मागोवा

पेशवाई १८१८ मध्ये संपली तेव्हा पुण्याचे सरकारी दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले; परंतु सरदारांच्या वाड्यांत, देशमुख-देशपांड्यांच्या, कुलकर्ण्यांच्या आणि सावकारांच्या घरी जे खाजगी कागद होते ते तेथेच पडून राहिले, आणि पुढे त्यांचा जो संहार झाला तो कोणा शत्रूने केला नसून वाळवीने, गळक्या छपरांनी आणि मालकांच्या औदासीन्याने केला. कित्येक घराण्यांची पत्रे रद्दीच्या भावाने वाण्याच्या दुकानी गेली आणि त्यांच्या पुड्या झाल्या. औदासीन्याच्या जोडीला भीतीही होती. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि ज्याला आपल्या वहिवाटीचा समाधानकारक पुरावा देता येईना त्याचे इनाम खालसा होऊ लागले, तेव्हापासून जुने कागद पाहावयास आलेला मनुष्य म्हणजे जप्तीचा अग्रदूत, अशी समजूत वतनदारांत रुजली, व ती पुढच्या पिढीपर्यंत टिकली.

साने आणि मोडक यांनी १८७८ साली ‘काव्येतिहाससंग्रह’ काढून बखरी व पत्रे छापण्याचा पायंडा पाडला होता. परंतु दारोदार हिंडून कागद गोळा करणे हे ज्यांनी आयुष्याचे व्रत केले ते विश्वनाथ काशिनाथ राजवाडे होत. पदरी द्रव्य नाही, दरबारचा आश्रय नाही, ग्रंथ विकत घेणारा वाचकवर्ग मूठभर, आणि ज्याच्या माळ्यावर कागद आहेत तो मालक ‘आमच्याकडे काही नाही’ म्हणून दार लावून घेणारा, अशा परिस्थितीत हा स्वतःच्या हाताने रांधून खाणारा गृहस्थ गावोगाव जाई, नकार ऐकून घेई आणि त्याच दाराशी पुन्हा जाऊन उभा राही.

माळ्यावरचा रुमाल सोडताना काय दिसते, ते ज्याने पाहिले असेल त्यालाच या श्रमाची कल्पना येईल. फडक्याची गाठ कुजलेली असते; आत कसरीने चाळण केलेले बंद एकमेकांस चिकटलेले असतात; ते ओलसर हवेत अलगद सोडवावे लागतात. मग मोडीची ती अखंड धावणारी ओळ, जिच्यात शब्द कोठे संपतो हे वाचणाऱ्यानेच ठरवावयाचे. खाजगी पत्रावर बहुधा ‘छ’ हे अक्षर, चंद्राची तारीख आणि मुसलमानी महिना एवढेच असते, वर्ष नसते. ते मजकुरातील एखाद्या स्वारीच्या, मृत्यूच्या किंवा ग्रहणाच्या उल्लेखावरून हुडकून काढावयाचे, आणि ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असा अरबी शब्दांत लिहिलेला शुहूर सन मिळालाच तर तो अकराशे एकसष्ट, म्हणजे पानिपतचे साल, हे जाणून पत्र आपल्या जागी बसवावयाचे. १७५० ते १७६१ या काळातील पत्रांचा, राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला. पुढे त्या मालेचे बावीस खंड झाले.

राजवाड्यांच्या प्रस्तावना वाचणाऱ्यास एक गोष्ट खटकते, आणि मला ती महत्त्वाची वाटते. समाजाच्या आळसाविषयी, विद्वानांच्या क्षुद्रतेविषयी त्यांची वाणी इतकी कडवट आहे की त्यांना आशावादी म्हणण्यास जीभ धजत नाही. परंतु मनुष्याची आशा त्याच्या बोलण्यावरून मोजू नये असे माझे मत आहे. ज्याला खरोखरच निराशेने ग्रासले तो दुसऱ्या दिवशी पुढच्या गावची वाट धरीत नाही. आणि राजवाड्यांचे पाय १९२६ च्या ३१ डिसेंबरला धुळ्यास ते निवर्तले तोवर थांबले नाहीत.

ते एकटेच नव्हते. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे शाळेत संस्कृत शिकवीत, आणि उरल्या वेळात पटवर्धनांच्या कागदांतून निवड करून १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ प्रसिद्ध करीत. गिऱ्हाईक थोडे, तरी १९२४ मध्ये देह ठेवीपर्यंत हे काम त्यांनी टाकले नाही. साताऱ्यास इतिहाससंशोधक पारसनीस होते. मेणवलीचे नाना फडणिसांचे दप्तर त्यांच्यामुळे अभ्यासकांच्या दृष्टीस पडले. ७ जुलै १९१० रोजी राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले, तेव्हा या एकांड्या शिलेदारांना एक घर मिळाले. ज्या सरकारी दप्तराची दारे राजवाड्यांच्या पिढीला बंद होती तेही पुढे इतिहासकार सरदेसायांच्या देखरेखीखाली निवडले जाऊन पंचेचाळीस भागांत छापले गेले.

हे काम संपले आहे असे मात्र कोणी समजू नये. वाचकहो, तुमच्या आजोळी, गावच्या वाड्यात किंवा देवघराच्या फडताळात मोडीतले कागद असतील तर ते वाचता येत नाहीत म्हणून जाळू नका, नदीत सोडू नका. रुमाल बांधा आणि पुण्याच्या मंडळात किंवा धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात नेऊन द्या.